निळ्या ॲप्रनचे टोमॅटो

हॅलो?… हां, आई, बोल… नाही गं, आत्ताच इन्स्टिट्यूटमधून आले, अजून बूटसुद्धा काढले नाहीत… जेवले… बरं, जेवणार आहे.

रविवारचं ना? माहीत आहे… विपुल ड्रेस्डेनहून येतोय, माझ्याकडे जेवणार, मला बघणार. बाबांनी त्याच्या घरी शब्द दिलाय, तेही माहीत आहे… नंतर बोलू ना त्यावर! तू आधी सांग, मी पाठवलेली लिंक उघडली का?

अगं, माझा प्रयोग! जगभरच्या लोकांना ऑनलाइन पाठवायच्या आधी घरच्यांवर चालवून बघतेय… हो, तोच, टोमॅटोंचा. निळ्या ॲप्रनवाली आणि पिवळ्या ॲप्रनवाली, दोघी टोपलीतून टोपलीत टोमॅटो टाकतात, आपण फक्त निळीचे मोजायचे… पिवळी ना? तनया, माझ्याबरोबर काम करते… हो, बारीक झालीय. आई, विषय तनयाचा नाहीये!

थांब, किती आले ते मला नको सांगूस. उत्तर तिथेच लिहायचं होतं… कोणी लिहिलं?… रमेशकाकांनी? काका कुठून उगवले?… टीव्हीवर लावला? सगळ्यांनी मिळून?

म्हणजे निळीचे बाबांनी मोजले, पिवळीचे काकांनी… आणि काकू पडताळणीला? अगं, घर आहे की मतमोजणीचं केंद्र!… पण एकेकट्यानं करायचा असतो ना तो! पहिल्याच पानावर जाड अक्षरात लिहिलंय… पहिलं पान कोण वाचतं, बरोबर. इथली माणसं लिफ्टमधल्या सूचनासुद्धा वाचून काढतात, आई. आता प्रोफेसरबाईंना काय सांगू? भाग घेणारी व्यक्ती, एक खानदान?

बरं, ऐक ना… हो, हो, ऐक तर! शेवटी एक प्रश्न होता, ‘व्हिडिओत आणखी काही दिसलं का?’ तिथे काकांनी काय लिहिलं?… ‘टोमॅटो चांगले आहेत.’

नाही, हसत नाहीये… म्हणजे कुणालाच काही दिसलं नाही? बाबांनासुद्धा?… काही नाही गं, सहज. माणूस एकाच गोष्टीत डोकं घालून बसला की समोरचं दिसत नाही, तेच तर बघायचं होतं मला. झकास! आल्झो, म्हणजे चला, झालं काम, ठेवू मग?

तू? तू काय मोजत होतीस?… काहीच नाही? तुला कुणी काम दिलंच नाही… शेंगा सोलत बसली होतीस. बरं. मग?

…कोण मुलगा?

हां, तो! छत्रीवाला! तो प्रयोगातलाच आहे. घरात उघडी छत्री घेऊन मागून जायचं, कुणाच्या लक्षात येतंय का बघायचं… अनुप नाव त्याचं. ऑफिसातला… हो, स्वयंपाकघर माझंच. शूटिंगपुरता आला होता. पहिल्यांदाच… जा, जा, गेनाऊ… म्हणजे हो, हो, बरोबर… मुद्दाम नाही गं बोलत जर्मन, तोंडातून निघतं… घाबरल्यावर नाही निघत!

वाकला? कुठे वाकला?… हो, छत तिरपं आहे ना तिथे… हो, तू आलीस तेव्हा रोज डोकं आपटायचीस, परत जायच्या दिवशीसुद्धा… आणि हा वर न बघता वाकला. छत्रीही आधीच खाली घेतली.

आई, तू पोलिसात का नाही गेलीस?

…हो. राहतो. माझ्याकडेच… चिडलीस?

काय? तुला माहीत होतं? कधीपासून?… शक्यच नाही! भीमजयंतीच्या दिवशी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी त्याला बाहेर जिन्यात उभं केलं होतं!… कढीपत्ता? खिडकीतला कढीपत्ता जिवंत होता, म्हणून?… अगं, मी नाही का पाणी घालू शकत?… बरं, नाही घालू शकत.

मग तेव्हाच का नाही विचारलंस?… मी आपणहून सांगेन म्हणून… इतके महिने?… रडत नाहीये, सर्दी झालीय. भीती वाटत होती गं मला. बाबा शब्द देऊन बसलेत, त्यांची मान खाली जाईल माझ्यामुळे… चांगला आहे, आई. फार चांगला आहे… तू सांगशील बाबांना? जेवणं झाल्यावर, हळूच, काका गेल्यावर…

रिमोट कशाला घेतलास?… सगळे अजून तिथेच आहेत? आई, आत्ता नको! ऐक माझं… स्पीकरवर नको टाकूस!

…जय भीम, काका. हो, बरी आहे… हो ना, छानच होते टोमॅटो.

जय भीम, बाबा… नाही, तुमचं काही चुकलं नाही, मोजणी एकदम बरोबर… परत कशाला बघताय?… आई या वेळी मोजू नका म्हणाली? नुसतं बघा?

…बाबा?… व्हिडिओ थांबवलात का?… हो, छत्री आहे ती… हो. माझ्या घरात… हो, बाबा. कायमचा.

बाबा, रागवा हवं तर… विपुल? त्याला येऊ नको म्हणून सांगा ना… शब्द दिलाय म्हणजे जेवायला येणारच? बरं… स्वयंपाक? मी करते ना… अनुपनं करायचा? तोच वाढणार?… आणि विपुलला खरं सांगायचं, तेही त्यानंच, जेवायच्या आधी… तोंडावर. हो.

येतं त्याला. डाळ चांगली करतो… आहे ना, इथेच आहे. मघापासून दाराशी उभा आहे, पांढराफटक पडलाय… आत्ता? आत्ताच?… देते.

अनुप, घे. बाबा आहेत… नाही रे, प्रयोगाबद्दल नाही. घे!