पलंगाच्या फळीची बंदूक

...आणि वर सकाळी उठून मलाच विचारतो, "झोप लागली का गं, लिन?" आता तुम्हीच सांगा, अंगाखाली चटई, चटईखाली बांबूच्या पट्ट्यांची जमीन, पट्ट्यांच्या फटीतून खालच्या डुकराचं घोरणं थेट कानात, डास तर असे की जणू त्यांनाच आमच्या लग्नाचं आमंत्रण होतं... आणि हा विचारतो, झोप लागली का! मी काय म्हणणार? "लागली," म्हटलं. घरात मी बोलतच नाही हो. सगळं गाव म्हणतं, तेरियोची बायको किती शांत! शांत नाही बायांनो, साठवतेय. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

आमच्या घरात पलंग होता. होता म्हणते, नीट ऐका. माझे बाबा होड्या बांधतात. लग्न ठरल्यावर होडीच्या कण्याचं उरलेलं तुगासचं लाकूड त्यांनी चार महिने तासलं. तुगास म्हणजे असं लाकूड की खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. त्याचा पलंग केला आणि उशाच्या बाजूला, लांब फळीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी माझं नाव कोरलं, जोव्हेलिन. बोलून दाखवतील तर ते बाबा कसले! बोटीने एवढा प्रवास करून पलंग पोचवला आणि म्हणाले, "घे. डुगडुगणार नाही." बस. माझ्या बाबांची माया एवढ्याच शब्दांत असते.

तर लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच आमच्या साहेबांना भाल्याची बंदूक करायची हुक्की आली. म्हणजे ती रबर ताणून पाण्याखाली सळई सोडायची आणि मासा टिपायचा, ती. दुकानातली घ्यायला पैसे नाहीत, मग घरीच करायची. "अगं लिन, दुकानातल्यांना काय कळतं? मी करतो बघ. एक पेसोसुद्धा खर्च नाही!"

मी खूश झाले! वेडीच मी! नवरा काहीतरी करतोय, रोज मासा येईल, सासूबाईंचं ते "सार्डिनचा डबाच उघडलास का आज" थांबेल...

पहिल्यांदा लागलं लाकूड. लाकूड सुकलेलं हवं, सरळ हवं, कठीण हवं. मी ओढ्यावरून कपडे धुऊन येते तर पलंग एका कुशीवर कललेला, आणि तेरियो अंगणात करवत घेऊन बसलेला, नाकावर भुसा! "अशी फळी अख्ख्या बेटावर मिळायची नाही, लिन! आणि बघ, एक पेसोसुद्धा खर्च नाही!" नावाच्या मधोमध करवत चाललेली. 'जोव्हे' बंदुकीवर गेलं आणि 'लिन' उरलेल्या तुकड्यावर. तो तुकडा आता दाराला अडसर म्हणून लावतो. "तुझं नाव दिलं ना बंदुकीला," म्हणतो. अर्धं!

मग सळई. ती कुठून? आमची मच्छरदाणी ज्या सळईवर टांगलेली होती ना, ती. घासून टोक काढलं, ठोकून काटा बसवला. मग बुडी मारताना डोळ्यांना लावायच्या लाकडी चष्म्याला काच. ती कुठून? विचारूच नका. आमच्या लग्नाच्या फोटोवरची! आता फोटोत माझ्या तोंडावर चुलीचा धूर बसतोय आणि तेरियो माझ्या शेजारी काजळी फासल्यासारखा हसतोय. रबर तेवढं दिराने दिलं, रुफोने, त्याच्या तीनचाकीची जुनी ट्यूब. ती एकच वस्तू घराबाहेरची, आणि त्याबद्दल रुफो दिवसातून तीनदा ऐकवतो, "माझ्या रबराशिवाय काय होणार होतं, वहिनी?"

आता राहिलं रक्त. नवी होडी असो की नवं जाळं, आमच्याकडे कोंबडीचं रक्त लावल्याशिवाय समुद्रात नेत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "बंदूकही समुद्रातच जाणार ना? मग!" आणि सगळ्यांच्या नजरा हळूच माझ्या पांढऱ्या कोंबडीकडे. माझ्या आईने दिलेली, नुकतीच अंडी घालायला लागली होती हो! तिचं रक्त 'जोव्हे'वर शिंपडलं, रस्सा सासूबाईंनी प्यायला, आणि तेरियो बोटं चाटत म्हणतो, "बघ लिन, एक पेसोसुद्धा..." मी भांडी घासायला घेतली. जरा जोरातच घासली.

पहिली चाचणी अंगणात. रुफो ओरडतोय, "अरे हवेत सोडू नकोस, ही पाण्यातली वस्तू!" ऐकतो कोण? केळीच्या बुंध्यावर नेम धरला, सटाक! केळ जिथल्या तिथे, आणि सळई कुंपणावर वाळत घातलेल्या सासूबाईंच्या भाताच्या पातेल्यातून आरपार! मी डोळे मिटले. माझ्या हातून मागे त्याच पातेल्याला पोचा पडला तर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आणि आता? पातेलं उचललं, भोकातून सूर्याकडे बघितलं, आणि म्हणतात कशा, "बघितलंत का, किती ताकद आहे माझ्या पोराच्या बंदुकीत!"

दुसरी चाचणी समुद्रात. ओहोटीला अर्धं गाव किनाऱ्यावर. तेरियोने डोळ्यांना लग्नाचा फोटो लावला, पोटाला दांडा टेकवून रबर ताणलं, पोटावर काळानिळा गोल उठला, आणि घेतली बुडी. मिनिट झालं... दीड मिनिट... आणि वर आला तो रिकाम्या हाताने!

"बंदूक कुठाय?" रुफो.

"सुटली!"

"मग तरंगत असेल की!"

कशी तरंगेल? होडीच्या कण्याचं लाकूड ते! सगळ्या पोरांच्या बंदुका हलक्या लाकडाच्या, हातातून सुटल्या की वर येतात. आमचीच तेवढी माझं अर्धं नाव घेऊन दगडासारखी तळाला. सळईची दोरी बंदुकीला बांधलेली, बंदूक कशालाच बांधलेली नाही. अकरा बुड्या मारल्या त्याने. अकराव्या बुडीला बंदूक मिळाली, तळहातात समुद्री साळिंदराचे काटे मिळाले, आणि सळईच्या टोकाला, देवाशपथ, एक पोपटमासा! माझ्या तळहाताएवढा. नेम दुसऱ्याच माशावर होता म्हणे.

आता पहिली शिकार म्हणजे ज्याचा ज्याचा हात लागला त्याला वाटा. डोकं सासूबाईंना. मधला भाग रुफोला, रबर त्याचं ना! शेपटी तेरियोला. मी शिवणाची सुई तापवून त्याच्या हातातले काटे काढत बसलेले. म्हटलं, "आणि माझा वाटा?"

"तुझं काय गं, लिन? तू घरचीच!"

पण मी धीर सोडला नव्हता, का माहितीये? गावच्या जत्रेला बाबा येणार होते. मी ठरवलं, मी एक शब्द बोलायचा नाही. बाबा येतील, पलंग बघतील, जे बोलायचं ते बाबा बोलतील. माझ्या बाबांचा आवाज चढला की भरतीसुद्धा थबकते! आठवडाभर मी त्या एका आशेवर जमिनीवर झोपले.

बाबा आले. कललेल्या पलंगाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या बंदुकीकडे. खाली काढली, त्या कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा... तेरियोचा चेहरा पांढरा, सासूबाई चुलीमागे, रुफो तर सरळ तीनचाकीत जाऊन बसला. मी मनात म्हटलं, बोला बाबा, आता बोला!

"बुडते?" बाबा म्हणाले.

"दगडासारखी, बाबा," तेरियो पुटपुटला.

"बुडणारच. मागे बांबूचा तुकडा बांध. आणि ही खाच वाकडी काढलीस. रंधा आण."

रंधा आण!! संध्याकाळपर्यंत दोघं ओसरीवर, एकमेकांना "असं धर" आणि "तसं घास". तेरियोच्या आयुष्यात त्याच्याशी इतकं कुणी बोललं नसेल, आणि माझ्याशी बाबा माझ्या आयुष्यात इतकं बोलले नाहीत. मग बाबा आत आले. मला वाटलं, आता तरी! तर पलंगाच्या दुसऱ्या फळीवर टकटक करून म्हणतात, "एका फळीवर पलंग उभा राहत नाही, पोरी. हिचा आता काय उपयोग? माझ्यासाठीही एक बंदूक करून घेतो."

"आणि पलंग, बाबा?"

"करीन की. हातातल्या होड्या संपू देत." मग फळी खांद्यावर घेताना जावयाकडे बघून हसले, माझे बाबा, हसले! म्हणाले, "आणि बघ, एक पेसोसुद्धा खर्च नाही."

शांत आहे ना मी! रात्री बाबांची चटई मुद्दाम डुकराच्या बरोब्बर वर घातली. मच्छरदाणी त्यांनाही नाही. म्हटलं, कळू दे जरा. आणि सकाळी चहा देताना अगदी गोड आवाजात विचारलं, "झोप लागली का, बाबा?"

बाबांनी कडकडून आळस दिला. म्हणाले, "पोरी, इतकी छान झोप मला पलंगावर कधीच लागली नाही!"