फलाटावरची ओळ

बोझेना : ब्रोनेकच्या पत्राला उत्तर धाडलंस का?

झेनोन : लिहितोय.

बोझेना : ईस्टरपासून लिहितोयस. इकडे माझे मश्रूम वाळूनसुद्धा झाले.

झेनोन : काय लिहू, सांग. उभा जन्म टीव्हीवरच्या परदेशी सिनेमांत एकटा सगळ्यांचं बोलला तो, मूळ आवाजांच्या वरून, आपल्या भाषेत. नवरा, बायको, चोर, पोलीस. आता ते काम यंत्राला दिलंय. मी पडलो साधा भाषांतरवाला. त्याची समजूत मी काढायची?

बोझेना : आईला तो किती आवडायचा, ते लिही.

झेनोन : तुझ्या आईला तो आहे हेच माहीत नव्हतं!

बोझेना : खरंच की. ती ब्राझीलची मालिका संपली तेव्हा म्हणाली होती, पोरीचा आवाज गोड हो, पण तिची सर्दी काही गेली नाही शेवटपर्यंत. ब्रोनेकचा घोगरा आवाज तो!

झेनोन : हे लिहू?

बोझेना : हसेल तो.

झेनोन : रडेल. पत्रात तेच तर म्हणतोय. ‘मला काढलं, आणि हा गेला कुठे म्हणून एकानेही विचारलं नाही.’

बोझेना : मीसुद्धा नाही विचारलं.

झेनोन : आणि शेवटी काय लिहितो बघ. ‘साहेब म्हणाले, यंत्र एक शब्दही गाळत नाही. तू लिहायचास, मी गाळायचो. खरं सांग, झेनोन, मी तुझं काम बिघडवलं का?’

बोझेना : म्हणून गप्प आहेस होय! त्या स्टेशनवरच्या सिनेमापायी तू त्याला नामदिनाच्या शुभेच्छांचा फोनसुद्धा केला नव्हतास.

झेनोन : माझी सगळ्यात चांगली ओळ होती ती. गाडी सुटते, आई फलाटावर उभी. ‘जा. तुझी खुर्ची मी कुणाला देणार नाही.’ किती घासली होती मी! आणि हा पठ्ठ्या नेमका तिथे गप्प.

बोझेना : काल दुपारी तोच सिनेमा होता.

झेनोन : असं? मी नाही पाहिला.

बोझेना : दाराआड उभा होतास. बीटाचं सूप उतू गेलं ते काय आपोआप?

झेनोन : यंत्राने वाचली ती ओळ. सबंध.

बोझेना : मग? फिटली ना हौस?

झेनोन : तू आधी सांग. तुला कशी वाटली?

बोझेना : खरं सांगू? त्या जागी मी दर वेळी रडते. काल रुमाल काढून बसले होते. तसाच कोरडा ठेवून दिला.

झेनोन : ती बाई हुंदके देत होती, आणि माझी ओळ तिच्या अंगावर जाऊन पडली. ब्रोनेक तेव्हा म्हणाला होता, ‘ती रडतेय रे. आपण दोघे जरा बाजूला होऊ.’ दोघे म्हणाला होता, बोझेना. मला वाटलं, मलाच हाकलतोय.

बोझेना : मग हेच लिही की.

झेनोन : याने त्याचं काम थोडंच परत मिळणार आहे?

बोझेना : नाही मिळणार. पण काम कुठे मागितलंय त्याने तुझ्याकडे? एक प्रश्न विचारलाय. ऊठ, टेबल मी पुसून देते.

(कोपऱ्यावरच्या लाल पत्रपेटीपाशी, संध्याकाळी.)

बोझेना : दे, चिकटवण्याआधी बघू दे. ‘ब्रोनेक, काल माझी ती ओळ ऐकली. तिथे ती नकोच होती. तू काही बिघडवलं नाहीस. बोझेनाला काल रडू आलं नाही, तेव्हा तू गेलास हे आमच्या घरात कळलं. उशिराच कळलं. रविवारी सकाळच्या गाडीने ये. तुझी खुर्ची आहे.’ एवढंच? अर्धं पान कोरं आहे.

झेनोन : राहू दे. आधी बरंच होतं. गाळलं.

बोझेना : बरं, टाक मग. अजून धरूनच ठेवलंयस? सोड! हां. आता बघ, रविवारी बदक आणायचं म्हणजे शुक्रवारीच—

झेनोन : थांब जरा. पडल्याचा आवाज ऐकू दे.