परमुलखाचं नाव

— छे छे, औषधाला नाही आले मी सिस्टरबेन, मला काय धाड भरलीय! गुडघे सोडले तर लोखंड आहे हे शरीर, आणि गुडघ्यांचं तुम्ही तरी काय करणार, ते तुमचेही वाजतात, परवा पायऱ्या उतरताना ऐकलं मी. मी एका नावासाठी आलेय. नाव हो, नाव — पोराला ठेवायचं. हसा, हसून घ्या. तुमच्या गावाकडचं पाहिजे, आयर्लंडचं, मुलग्याचं. आमच्या ललितला मुलगा झालाय ना, अहो माझ्या सुनेचा, रंजनाचा, ती इथंच तर यायची पोटाला तुमचं थंडगार नळकांडं लावून घ्यायला — तोच. त्याचं बारसं करायचंय. घाई काही नाही. तुमचे पेशंट आटपू द्या, मी बसते. नाही, आधी ऐकूनच घ्या, मग आटपा. बाहेर तो खडखडाट होतोय ना, ती छगनची रिक्षा. चालूच ठेव म्हटलं मी त्याला, बंद केली की पुन्हा लवकर सुरू होत नाही मेली. तिकडे लक्ष देऊ नका.

इंग्रजाचं का नको? आता तुम्हीच हे विचारता? मी एकदा चुकून तुम्हाला इंग्रज म्हटलं तर कशा लालबुंद झाल्या होत्या — टोमॅटो! त्या प्लेगच्या साली, आठवतं? अख्खं सुरत डोक्यावर गाठोडी घेऊन स्टेशनाकडे पळत होतं, शेठ पळाले, दुकानदार पळाले, आमच्या लिंबायतच्या कुत्र्यांना भाकर टाकायला माणूस उरलं नव्हतं, आणि तुम्ही अन् मी ह्याच दवाखान्याच्या ओटल्यावर तोंडाला फडकी बांधून बसलेल्या. तुम्ही का नाही पळाल्या ते तुमचा देव जाणे, मी नाही पळाले कारण मला कोणी हाकललेलं चालत नाही — तेव्हा तुम्ही सांगितलं, की इंग्रजांनी तुमच्यावर तर आमच्याहून कितीतरी जास्त राज्य केलं, आणि तुमच्याकडे बटाटे जमिनीतच कुजले, निम्मी माणसं उपाशी मेली, उरलेली जहाजात बसून परमुलखात निघून गेली. मी म्हटलं, अय माय, म्हणजे ही गोरी माणसं आमच्यासारखीच की! आम्ही पारोळ्याकडून निघालो, जहाज नव्हतं म्हणून भुसावळ पॅसेंजर, एवढाच काय तो फरक. म्हणून म्हणते, इंग्रजाचं नाव नको. इंग्रज इथं होता, त्याची नावं इथल्या भिंतींना ठाऊक आहेत, हवेला ठाऊक आहेत. मला इथं कोणालाच ठाऊक नसलेलं पाहिजे.

कोणाला म्हणजे? कोणाला म्हणजे — असंच, कोणालाच.

आता असं बघू नका माझ्याकडे. मी काही खुळी बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. शाळेचं तोंड नाही पाहिलं, पण साड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून आधी गुजराती शिकले आणि मग वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मराठी — आमच्या गल्लीत आजही कोणाला पत्र आलं की तो ते घेऊन माझ्या दाराशी येतो. भगत, बुवा, अंगात येणाऱ्या बाया, कोणाला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. ताप आला तर अंगारा नाही, गोळी — हे गल्लीला कोणी शिकवलं? मी शिकवलं. देवी म्हणून कानबाई तेवढी माझी, आणि ती सुद्धा श्रावणात, नंतर ती तिच्या घरी नि मी माझ्या. आता मीच इथं बसून नाव मागतेय. हसू तुम्हाला येत नाही एवढं मलाच येतंय.

आमच्याकडे रीत आहे सिस्टरबेन. ज्या घरात मूल टिकत नाही ना, त्या घरानं मूल आपलं म्हणायचंच नाही. मागून आणलंय म्हणायचं. पदर पसरून चार घरं फिरायचं, कोणी जुनं टोपडं देतं, कोणी नुसतंच नाव देतं, आणि मागितलेलं म्हणून त्याला भिकन म्हणायचं. नाहीतर दगडू, नाहीतर उकिरड्यावर लोळवून आणलं म्हणून उखर्डू. म्हणजे ज्याला न्यायचंय त्यानं बघावं आणि म्हणावं, हे काय, हे तर भिकेचं, उकिरड्याचं, ह्याचं काय करायचं — आणि पुढच्या दाराला जावं. खोटं नाव चालत नाही. मागून आणलेलं चालतं. आमचे हेच बघा, भिकन. हो, नवऱ्याचं नाव घेते मी, ती लाज मी कधीच चुलीत घातली. सासूनं पदर पसरून आणलेलं नाव, आणि काय जगला माणूस! म्हातारा होऊन, माझ्याशी भांडून भांडून, पोटभर जेवून, झोपेत गेला. म्हणजे रीत खोटी नव्हती. तेव्हा नव्हती.

पहिल्याचं नाव रंजनानं ठेवलं होतं, विकास. शिकलेली पोर आहे, सातवीपर्यंत, म्हटलं ठेव. ते गेलं. मग दुसरा झाला तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही, आजोबाचं नाव, भिकन. रंजना रडली, म्हणाली, आत्याबाई, शाळेत पोरं हसतील त्याला. म्हटलं, हसू देत ना, हसायला तो शाळेत तर गेला पाहिजे.

तुम्हाला माहीत आहे तो. तुमच्याच हातात — राहू द्या. तुमचा दोष नाही, तुम्ही त्या रात्री जेवल्या नाही हे गजेंद्र कंपाउंडरनं सांगितलं मला. दोष कोणाचाच नाही. पण मी बसून विचार केला. दुसरं काम काय, मांडीवर साडी असते, टिकल्या लावत असते, हात त्यांचं करतात, डोकं मोकळं. दोन्ही वेळा मी त्या बाकड्यावर होते. दोन्ही वेळा तुमच्या ह्या गजेंद्रनं खिडकीतून मान काढून हाक मारली — विकास ललित! भिकन ललित! काय गळा आहे त्याचा, ओटला ओलांडून थेट पानाच्या टपरीपर्यंत. आणि मला आठवतं, दुसऱ्या वेळी ती हाक ऐकली मी. म्हटलं, झालं. सांगितला पत्ता. आमच्या ह्या गल्ल्यांमधून तो एवढ्यांदा आलाय सिस्टरबेन, एवढ्यांदा आलाय, की भिकन काय, दगडू काय, उखर्डू काय, त्याला सगळे पाठ झालेत. तो आता फसत नाही. सासूच्या वेळचा तो खेड्यातला होता, भोळा होता. हा सुरतचा आहे.

म्हणून लांबचं पाहिजे. गजेंद्रनं बोंबलून हाक मारली तरी त्याला वाटलं पाहिजे, हा कोण, हा आपल्या भागातला नाही.

थकले हो मी. बोलून नाही थकले, बोलणं माझं सरणावरही चालूच राहील. झोळी बांधून थकले. साडीची झोळी बांधायची, छताच्या कडीला. सिंथेटिक साडी, गाठ बसत नाही पटकन, दोन-दोनदा मारावी लागते. आणि मग सोडायच्या वेळी तीच गाठ सुटत नाही बघा. नखं मोडतात. रंजनाला सोडू देत नाही मी, मीच सोडते. आता ह्याची बांधताना ललित म्हणाला, आई, राहू दे, खाली गोधडीवर निजू दे त्याला. बापच असं बोलला. मी त्याला काय काय बोलले, सगळ्या चाळीनं ऐकलं, आणि बांधली झोळी. पण गाठ एकदाच मारली. का मारली एकदाच, ते मलाच माहीत नाही.

चला, सांगा आता नावं. हं? फिन? फिन काय, फिनेल? नको. डेक्लन — ढेकळासारखं लागतं, ढेकूळ, दगड, धोंडा, ही तर आमचीच जात, त्याला लगेच वास येईल. अजून. पॅट्रिक? पॅट्रिक तर तुमच्या चर्चचा ड्रायव्हर आहे, काळाकुट्ट, दमणचा, सगळी उधना लाईन ओळखते त्याला. कियरन? पुन्हा म्हणा. कियरन. बाई, चार दिवसांत गल्ली त्याचं किरण करून टाकेल, आणि किरण आमच्याकडे ढिगानं. कॉर्मॅक? हे तर लूमच्या खात्यात नवं मशीन आल्यासारखं वाटतं — ललित रोज त्यालाच तेल पाजून येतो, घरात नको. नाही, चिडत नाही मी. तुमच्या लोकांची नावं आहेत, चांगलीच असतील. पण जरा लहान सांगा, सुटसुटीत, सारखी हाक मारावी लागते हो, डोळे मिटू द्यायचे नाहीत, हलवून हलवून हाक मारावी लागते, सकाळपासून नुसतं बाळ्या बाळ्या करून माझा घसा —

काही नाही. झोपाळू आहे, एवढंच म्हटलं मी.

हा फोटो कोणाचा? मेंढीला कवळ्यात घेऊन उभा आहे तो. तुमचा भाऊ? आहे का अजून? आहे! तुमच्याहून मोठा? आणि अजून मेंढ्या राखतो? पत्राला उत्तर देत नाही — म्हणजे खडूस आहे. चांगलं आहे, खडूस माणसं टिकतात, आमचे हे तसेच होते. काय नाव त्याचं? ब्रें-ड-न. ब्रेंडन. असं कोणी होऊन गेलं तुमच्यात? साधू? चामड्याच्या होडीत बसून समुद्रात गेला... बरं... सगळ्यांनी त्याची आशा सोडली... आणि? आला परत? म्हणजे खरंच आला, का तुमच्या पोथीत आला? नाही, मला नीट सांगा, परत आपल्या गावात, आपल्या माणसांत आला ना?

ब्रेंडन. जिभेला जड जातं जरा. पण बसेल. मी देवनागरीत दारावर लिहीन, सगळी चाळ शिकेल. तुमच्या भावाला विचारावं लागेल का? नाही ना? रीतीप्रमाणे देणाऱ्यानं कारण विचारायचं नसतं आणि मागणाऱ्यानं सांगायचं नसतं. कारण सांगितलं की मागणं फुकट जातं, सासू म्हणायची. आणि मी बसलेय इथं सगळं सांगत. जळली मेली जीभ माझी. पण सगळं कुठं सांगितलंय, तसं मी काहीच —

तुम्ही उठल्या का? बसा ना. ते नळकांडं कशाला गळ्यात घालताय? कोणी आजारी नाही म्हटलं ना मी. झोपाळू म्हणजे झोपाळू, लहान मुलं झोपतातच. दूध? दूध ओढेल की. काल संध्याकाळी ओढलं थोडं. नाही, आज नाही. आज तोंडात धरतो आणि सोडून देतो. अंग? अंग तसं गरमच... सिस्टरबेन, माझ्या अंगावर ओरडू नका. मला ओरडलेलं चालत नाही. घरी कुठं ठेवलाय, रिक्षात आहे तो. रंजनाच्या मांडीवर. हो, एवढा वेळ. मीच म्हटलं तिला, नाव घेऊन येईपर्यंत उतरायचं नाही. बिननावाचं पोर ह्या दाराच्या आत आणायचं आणि गजेंद्रनं विचारायचं, नाव काय, आणि रंजनाच्या तोंडून घाबरून आमचंच कुठलं तरी नाव निघायचं — मी नाही म्हटलं. मला वाटलं दोन मिनिटांत नाव मिळेल. मला वाटलं मी फक्त नाव मागेन. मी एवढं बोलणार नव्हते.

थांबा, मीही येते, अहो हळू, ओटल्याची पायरी फुटकी आहे — रंजना! ए रंजना! उतर! आण त्याला. छगन, बंद कर तुझा खडखडाट, ऐकू येत नाही माणसाला! तोंडावरचा पदर काढ त्याच्या, वारा लागू दे. रडू नकोस, रडून काय होतं? दे सिस्टरबेनकडे. दे म्हटलं ना. सरका रे, सरका बाकड्यावरून, काय सर्कस आहे? काय गजेंद्र? नाव? लिही. ब्रेंडन. ब-ला र, ब्रें, ड, न. बापाचं नाव ललित. दात काय काढतोस? तुला लिहिता येत नसेल तर आण इकडे पेन, मी लिहिते. आणि हाक मारायचीय ना तुला? मार. गळा काढून मार, पार तापीपलीकडे जाऊ दे. परत येणाऱ्याचं नाव आहे ते. ऐकू दे ज्याला ऐकायचं असेल त्याला.

लागतंय का हो काही सिस्टरबेन? तुमचे कान त्या नळीत आहेत, पण तोंड तर मोकळं आहे ना, एवढं तरी सांगा, लागतोय ना आत काही आवाज? जरा वर लावून बघा, डावीकडे, काल रात्री मी कान लावला तेव्हा डावीकडे —

काय? मी?

बरं. बरं, नाही बोलत. तुम्ही ऐका त्याचं.