काहिलीचा दोर

पळाले नाहीत हो ते, काका, शुगर उतरली होती त्यांची — सकाळपासून पोटात काही नाही, त्यात मंडळाचा गणपतीचा प्रोग्राम म्हणजे चारचा तो साडेपाचला सुरू, आधी लहान मुलांचे नाच, मग ढोल, मग स्पॉन्सरचं भाषण — म्हातारा माणूस बसणार तरी किती? तुम्हाला विचित्र वाटलं असेल, कळतंय मला. तुम्ही शाल हातात घेऊन स्टेजवर उभे, आणि ज्यांचा सत्कार करायचा ते अण्णा पायऱ्या उतरून शाळेच्या किचनच्या दाराने सरळ पार्किंग लॉटमध्ये. मी माईकवर सांगितलं ना लगेच, माझ्या आजोबांना बरं वाटत नाहीये म्हणून? — हं. पण चूक माझी आहे, सगळी माझी. अण्णांना सांगितलंच नव्हतं मी, की पाहुणे कोण आहेत. सरप्राइज करायला गेले. बाबा म्हणतात, नैना, तुझ्या डोक्यात एक गोष्ट आली की ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत तुला चैन नसतं — खरंय ते. — नको, चहा नको, विनीतामावशीने आल्या आल्या पाजलाय.

म्हणजे कसं झालं सांगते. ऑगस्टमध्ये नाही का सगळीकडचे लाइट गेले होते, अख्ख्या डेट्रॉईटचे — तेव्हा आमच्या नोव्हायच्या घरी टीव्ही नाही, एसी नाही, सगळे डेकवर बसलेलो, आणि अण्णा बोलायला लागले. कधी बोलत नाहीत हो ते. रझाकार, निजाम, सरहद्दीवरचा कॅम्प, हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर तुम्ही लोक कसे हल्ला करायचे, नदीला पूर असला की गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे रस उकळायची ती एवढी मोठी कढई, ती पाण्यात टाकून त्यात बसून कसे पलीकडे जायचे, आणि माणसं परत येईपर्यंत ती दोराने काठाला बांधून एक जण त्यात कसा थांबायचा — मला तर वेडच लागायचं बाकी होतं. कढईत बसून हल्ला! आणि म्हणाले, आमच्या कॅम्पाचा प्रमुख मोहन, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याच्या शब्दावर आम्ही उठायचो. आणि पुढच्याच आठवड्यात पॉटलकमध्ये विनीतामावशी सांगते काय, माझे वडील आलेत ॲन आर्बरला, ते मराठवाड्याच्या लढ्यात कॅम्पप्रमुख होते. नाव काय तर मोहन. आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसणार होते का? मला वाटलं दोन म्हातारे स्टेजवर मिठ्या मारतील, हॉलमधल्या सगळ्या काकू रडतील — आणि रडल्याच असत्या, काका, तुम्ही बोललातच असं. म्हणालात, तिसऱ्या खेपेला आमची दोन पोरं नदीवर गेली, एक माझा भाऊ कुमार आणि एक हा किसन, म्हणजे आमचे अण्णा. पुरात काहिलीचा दोर तुटला, भावाला मागून गोळी लागली, किसनला पाण्याने नेलं. दोघांचं एकदमच सुतक धरलं मी — आणि त्यातला एक आज अमेरिकेत मला परत मिळतोय. आणि मी वळून बघते तर अण्णांची खुर्ची रिकामी.

शुगरच. दुसरं काय असणार?

बरं, ते राहू दे. मी आले ती कामासाठी आलेय, आणि बसपासून इथपर्यंत सायकल हाणत आलेय म्हणून धाप लागलीय, तुम्ही लक्ष देऊ नका. तुम्ही गुरुवारी निघताय ना — म्हणून तर. बाबांचा जॉब जूनमध्ये गेला, ते माहीत असेल तुम्हाला, इथे कुणाचा जॉब गेला की आधी मंडळाला कळतं आणि मग बायकोला. आम्ही आता डॅलसला जातोय, माझ्या मामाकडे, दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये दोन फॅमिली. अण्णांचा व्हिसा संपला, वाढवून घेतला होता तोही संपत आलाय, त्यांना जायलाच हवं. आणि जायचं कुठे? गावचं घर विकून त्यांनी बाबांना इंजिनिअर केलं. उरली सुलभाआत्या, लातूरला. आत्या चांगली आहे हो, पण तिचे मिस्टर — परवा फोनवर अण्णांना विचारलं त्यांनी, येताय ते किती दिवसांसाठी येताय. जावई सासऱ्याला असं विचारतो? अण्णांनी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर जाऊन पाऊण तास ड्राइव्हवेवरची पानं झाडत बसले. झाडलेलीच परत झाडत होते. तेव्हापासून जेवण म्हणजे अर्धी पोळी. बॅग भरत नाहीत, मी भरली तर कपडे काढून परत कपाटात ठेवतात. आई तर घाबरलीय, म्हणते नैना, हे तिकडे पोचतील पण टिकणार नाहीत.

स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन असलं ना काका, तर तो माणूस ओझं नसतो. एसटी फुकट, दवाखाना फुकट, पंधरा ऑगस्टला कलेक्टर हात जोडतो — त्याच घरात मग जावई म्हणतो, आमच्याकडे स्वातंत्र्यसैनिक असतात. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला आहेच ते. आणि अण्णा काही बोगस नाहीत. त्यांच्या गावात एक जण आहे म्हणे, लढा झाला तेव्हा पाळण्यात होता, तो पेन्शन घेतो आणि वर शाळेत जाऊन आठवणी सांगतो. हसलात ना? बघा. आणि जो खरा होता त्याच्याकडे सांगायला माणूस नाही, कारण नियम असा की बरोबरच्या कुणीतरी सांगायला हवं, हा आमच्या कॅम्पात होता, शेवटपर्यंत होता. आता त्या कॅम्पातलं राहिलंय कोण — तुम्ही. एकटे तुम्ही. मी टाइप करून आणलंय, मराठी फॉण्टने जीव खाल्ला माझा, वेलांट्या कुठेही पडल्यात, पण वाचता येतं. तुम्ही फक्त खाली सही करायची आणि तिकडे गेल्यावर कलेक्टरच्या ऑफिसात एकदा तोंडाने सांगायचं.

— थँक यू. खरंच थँक यू काका, तुम्ही चष्मा काढलात तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. घ्या, इथे टेका, मासिक घेते खाली.

— काय?

नाही, तुमचं बरोबर आहे. मीही हेच विचारलं असतं. जिवंत होता तर पंचावन्न वर्षांत एक कार्ड का नाही टाकलं. म्हणजे — ते पार खाली कुठेतरी काठाला लागले ना, मग सोलापूरला गेले, मिलमध्ये लागले, मग लग्न, मग — हो, कार्ड टाकता आलं असतं. सोलापुरात पोस्ट होतंच. पण तुम्ही असं बघा, की कुमारकाका गेले आणि हे वाचले. तोंड कसं दाखवणार? दोर तुटणं त्यांच्या हातात नव्हतं, पण माणसाला वाटतंच ना, की आपण वाचलो हाच गुन्हा. म्हणून नाही आले. — आजही? आज त्यांना माहीतच नाही मी इथे आलेय ते. त्यांना कळलं तर — पेन्शन नको म्हणतात ते, मोहनकडे जायचं नाही म्हणतात, वचन घेतलंय माझ्याकडून. हट्टी आहेत. नाही काका, ते इथे येणार नाहीत, प्लीज तसं म्हणू नका, त्याला पाठव मग सही करतो असं नका म्हणू. ते नाहीच येणार. राग? तुमच्यावर? छे छे छे, तुमच्यावर कसला राग, उलट — उलट तुमच्या भावाचं नाव घेतल्याशिवाय दिवस जात नाही त्यांचा, देवापुढे दिवा लावताना माझ्या पणजोबांच्या आधी कुमारकाकांचं नाव घेतात, मला वाटायचं आमच्यातलेच कुणीतरी आहेत. विसरलेले नाहीत ते, हेच तर सांगतेय मी. आमच्या घरात त्यांना किसन म्हणायची कुणाची टाप नाही. माझी आजीसुद्धा नाही म्हणायची, लाडात आली तरी नाही. मागे एकदा इथल्या इंडियन स्टोअरमध्ये एक गुजराती बाई आपल्या मुलाला ओरडली, किशन, थांब — तर अण्णांनी हातातली ट्रॉली सोडली आणि डाळीच्या पोत्यांवर मटकन बसले. पांढरेफटक. मी म्हटलं अहो काय झालं, तर तेव्हा नाही बोलले, आत्ता बोलले, त्या प्रोग्रामच्या दिवशी गाडीत, की तशीच आली होती हाक. काठावरून. कुमारची. पंचावन्न वर्षं ती हाक ऐकतोय हो हा माणूस, मग कार्ड कुठून टा—

काय झालं?

पेन का खाली ठेवलंत?

नाही — हाक म्हणजे — थांबा हं. तुम्हाला वाटत होतं की — कुमारकाका काठावर पोचेपर्यंत काहील वाहून गेलेली होती. हो. हो, दोर तुटला होता, म्हणजे पाण्याचा आवाज, पूर, त्यात लांबून कुणीतरी ओरडतंय, माणसाला भास पण होतो — लांबून नाही म्हणजे? मी असं कधी म्हटलं की जवळून? काका, मला काय माहीत, मी होते का तिथे? मी आपली ऐकलेलं सांगतेय, तेही गाडीत, मी ड्राइव्ह करत होते, ते रडत होते, अर्धे शब्द कळत पण नव्हते.

असं बघू नका ना.

एकोणीस वर्षांचे होते ते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मला तर इथे पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली तरी हातपाय कापतात. नाक्याकडून गोळ्या, घोडे येतायत, कोण मेलं कोण जिवंत काही दिसत नाही, पोरगा एकटा काठाशी काहिलीत दोर धरून — त्याला सांगितलेलं की आम्ही आल्याशिवाय हलायचं नाही, पण कुणी परत येणार की नाही हे त्याला कोण सांगणार? कुणीच आलं नसतं तर? तोही मेला असता ना नुसता? कुणाचा काय फायदा झाला असता?

— हो.

कापला. कोयत्याने.

मला हे सांगायचं नव्हतं. देवाशपथ सांगायचं नव्हतं, मी शुगर सांगायला आले होते. तुम्ही स्टेजवर म्हणालात ना, दोर तुटला, किसनचा काही दोष नाही — तेच त्यांना सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्यात ना तुम्ही तर उभे राहिले असते ते तिथे, शाल घेतली नसती पण उभे राहिले असते. तुम्ही चांगलं बोललात म्हणून उठले ते. आणि आता मीच — बाबा बरोबर म्हणतात.

काका, रागवा ना. ओरडा माझ्यावर.

— कमरेइतक्या. कुमारकाका कमरेइतक्या पाण्यात आले होते. हो, दिसत होते. चेहरा दिसत होता म्हणाले. — फक्त तेवढंच. "किसना, थांब." एकदाच. नाही, पुढचं काही सांगितलं नाही त्यांनी, मी गाडी एक्झिटवर घेतली आणि एका गॅस स्टेशनच्या मागे लावून बसलो आम्ही.

ऐका. ऐका काका, मी खोटं सांगा म्हणत नाहीये. ते "शेवटपर्यंत" आहे ना, ते खोडू आपण. मी खोडते, हे बघा, खोडलं. हे "पुरात वाहून गेले" हेपण खोडलं. आता राहिलं काय — कॅम्पात होता. एवढंच. होते ना ते? भाकरी खाल्ली ना तुमच्यात बसून? त्याआधी दोनदा काहील घेऊन गेले आणि तुम्हा सगळ्यांना परत घेऊन आले, ते पण खरंय ना — तुम्हीच सांगितलंत स्टेजवर, मी नाही सांगितलं. त्या दोन वेळांची सही करा. तिसऱ्या वेळची नका करू. नुसतं होता एवढंच म्हणा. नाहीतर ते लातूरला जातील आणि आत्याच्या घरी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडतील, आणि एक दिवस आत्याचा फोन येईल, आणि मी कुठल्या तोंडाने — काका? काका, उठू नका ना. पाच मिनिटं. मी त्यांना घेऊन येते, आत्ता बाबांना फोन करते, उचलून आणते हवं तर, तुम्ही समोरासमोर —

मावशी, ते आत का गेले? दार लावलं त्यांनी.

नाही, मी काही नाही बोलले.

हो. हो, निघते. सायकल बाहेरच आहे.