एका कार्डावरचे दोन फोटो

समारंभाचे अध्यक्ष दीपकभाई, व्यासपीठावरील मान्यवर, वाचनालयाचे सभासद आणि कासा-घोलवडहून कामधंदा टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आत्ताच सांगण्यात आलं, की निर्मलाबेनने बत्तीस वर्षं या वाचनालयाचा ठेवा जपला. ऐकायला बरं वाटलं. खरं मात्र नाही.

शालीबरोबर आपण मला ही फ्रेम दिलीत. हिच्यात रानशेतच्या जुन्या दगडी देवळाचा फोटो आहे. तो कुठून आला, ठाऊक आहे? आपल्या कपाटात शंभर-सव्वाशे वर्षांची जाड कार्डं होती. प्रत्येकावर एखादी जुनी वास्तू, आणि तोच फोटो शेजारी शेजारी दोनदा. सहा वर्षांपूर्वी दुबार प्रती काढून टाकायचा ठराव झाला. अध्यक्ष दीपकभाई म्हणाले, "बेन, एकच फोटो दोनदा कशाला? कापा, पाहुण्यांना फ्रेम करून देऊ." मी 'दुबार' शिक्का मारला, कात्रीही मीच चालवली. डावे फोटो फ्रेममध्ये गेले, उजवे रद्दीत. सोबतचं दोन भिंगांचं लाकडी यंत्र खेळणं समजून भंगारात दिलं.

गेल्या वर्षी देवळाचा मंडप कोसळला. दगड शाबूत होते. नारू गवंड्याला तो होता तसाच उभा करायचा होता. आला आणि म्हणाला, "बेन, तो पुढं येणारा फोटो द्या ना. लहानपणी गुरुजींनी यंत्रातून दाखवलेला. कुठला दगड पुढं, कुठला आत, सगळं दिसायचं." मी फ्रेम दिली. त्याने ती डोळ्यांपाशी नेली, लांब धरली. मग विचारलं, "याचा जोडीदार कुठंय?"

ते दोन फोटो एकच नव्हते; दोन डोळ्यांना दोन किंचित निराळे फोटो लागतात, तेव्हाच यंत्रातून खोली दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. रोजंदारीवरच्या माणसाला जे माहीत होतं, ते पगारी ग्रंथपालाला नव्हतं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय?

कुठला दगड कुठे, हे कळेना, म्हणून शेवटी तिथे सिमेंटचा स्लॅब टाकला. कोरीव दगड रस्त्याच्या भरावात गेले. परवा उद्घाटनाच्या पाहुण्यांना, अर्थातच, अशीच फ्रेम दिली गेली. दीपकभाई, घड्याळाकडे बघू नका, संपवतेच.

शाल मी आनंदाने नेते. फ्रेम इथेच ठेवते. आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. त्या शिक्क्याची माफी मात्र आपल्याकडे मागत नाही. ती नारूने द्यायची. मी स्वतः त्याला बोलवायला गेले होते. तो आलेला नाही.