जऊळक्याहून उकंड्याचा फोन

"हॅलो? … हो, वाशीम सत्तावीसच… डॉक्टरांसाठी नाही ना? ते अकोल्याला गेलेत… माझ्यासाठीच? … हो, मीच विमल इंगोले. मागच्या शाळेतली… कुठून म्हणालात? जऊळक्याहून? … द्या, द्या, जोडून द्या."

फोन दवाखान्याचा होता. शाळा म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या. पाटीवर 'मतिमंद मुलांची शाळा' असं लिहिलेलं होतं, पण रिक्षावाल्याला 'येड्यायची शाळा' म्हटल्याशिवाय पत्ता कळत नसे. तिथल्या बाईंना फोनवर बोलवायला आजवर कंपाउंडर कधी आला नव्हता. तो हाक मारायला आला, तेव्हा विमलबाई दोन पोरींना स्टोव्हला पिन कशी मारायची ते दाखवत होत्या. तशाच उठून आल्या. हाताला रॉकेलचा वास होता, म्हणून त्यांनी रिसीव्हर पदरात धरला.

"हॅलो? … हॅलो, कोन बोलते? … जोरानं बोला, ऐकू नाही येत… कोन? … उकंडा? … आपला उकंडा?"

त्यांनी कंपाउंडरकडं वळून बघितलं आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या, की बाकावर बसलेले पेशंट चमकले.

"जयभीम, जयभीम बापा! … अरे, फोन कोनी लावून देला तुले? … पोस्टाच्या मास्तरनं? … तूच सांगतला नंबर? … हाव, सत्तावीस! बराबर! … शाबास रे पठ्ठ्या! … हाव, हाव, आयकून राह्यली मी… बोल ना."

चतुराबाईला उकंड्याआधी तीन लेकरं झाली आणि तिन्ही दगावली. चौथ्याला नजर लागू नये म्हणून सुईणीनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नावही तेच ठेवलं. उकंडा जगला. पण चालायला उशीर लागला, बोलायला त्याहून उशीर, आणि बाकी पुष्कळशा गोष्टी आल्याच नाहीत. बाप बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेला, तिथंच तापानं गेला. तेव्हापासून मायलेकच. उकंड्याला मिसरूड फुटलं होतं, तरी ती त्याचा हात धरून पॅसेंजरनं त्याला शाळेत आणायची आणि तो शिकत असेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं, "बाई, याले लिवनं-वाचनं नका शिकवू. माह्या मागं अडलं-नडलं तं याले कोनाले हाक मारता आली पायजे. इतकं करा."

ते बोलणं विमलबाईंच्या मनात बसलं. टेलिफोन खात्यातल्या जानराव लाइनमननं त्यांना दोन मोडीत निघालेले काळे फोन आणून दिले. एक या खोलीत, एक त्या खोलीत. मधे तार, तिला बॅटरी. पोरं त्यात नुसती हसायची, फुंकायची. उकंडा मात्र रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून गंभीरपणे मान हलवायचा. "मान नको हालवू रे, मले दिसत नाही. तोंडानं सांग." हे त्याला कळायला सारा पावसाळा गेला. आधी जयभीम, मग नाव, मग गाव, मग काय झालं ते. ज्या दिवशी त्यानं हे सगळं ओळीनं म्हटलं, त्या दिवशी चतुराबाई पायरीवरून उठून आत आली होती आणि दुसऱ्या फोनला कान लावून बराच वेळ तशीच उभी होती.

"… हाव, नाव झालं, गाव झालं. आता काय झालं ते सांग… काय? … सावकाश सांग… माय… माय काय? … उठून नाही राह्यली?"

विमलबाईंनी हात वर करून बाकावरच्यांना गप्प केलं.

"उकंडा, आयक. माय झोपली आहे का? … हाक मारली तू? … हालवून पाह्यलं? … मंग? … डोये उघडे आहेत का लागलेले? … बरं. आन आंग? आंगाले हात लावला होता? … थंडं… लय थंडं? … अरे, थंडीचे दिवस आहेत, रातच्यानं गोधडी सरकली असन…"

आपण कोणाची समजूत काढतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"… तू टाकली गोधडी? … तुयी पन टाकली? … बरं केलं… मंग? … चहा केला? … स्टो तूच पेटवला? … हाव रे, बराबर केलं, खिडकी उघडी ठेवून… मायच्या उशाशी ठेवला… नाही पेली… निवला… मंग दुसऱ्यांदा केला? …"

कंपाउंडरनं स्टूल पुढं सारलं, तशा त्या बसल्या.

"… तोही निवला… बरं… बरं, रडू नको… नाही? रडून नाही राह्यला? … शाना आहेस. शेजारी कोनी नाही का? … सारे कापूस वेचाले गेले… मंग दाराले कडी लावली? … कुत्रं जाईन म्हनून लावली. चांगलं केलं… आता आयक, तुयाजवय पोस्टाचे मास्तर उभे आहेत ना? त्यायले दे फोन… नाही, नाही! खाली नको ठेवू! ठेवला का तुटते. त्यायच्या हातात दे… मी आहे. मी कुठी नाही जात. दे."

तिकडं खरखर झाली. कोणीतरी खाकरलं.

"हॅलो, मास्तर? नमस्कार. मी विमल इंगोले, उकंड्याच्या शाळेतली… हो, चतुराबाईचा मुलगा… मास्तर, कोणाला तरी आधी तिच्या घरी पाठवा… पाठवलं? कोण गेलंय? … पुंजाजी, तुमचे टपालवाले… बरं झालं… किती वेळ झाला? … हे काय, आलेच? … काय म्हणतात? … विचारा ना त्यांना, मी थांबते…"

बाकावर एक म्हातारा खोकत होता. कंपाउंडर औषधाची बाटली हातात तशीच धरून उभा होता.

"… हं… … रात्रीच? … अंग ताठलं आहे म्हणतात? … हं… … नाही, ऐकते मी. बोला…"

त्यानंतर मास्तर बरंच बोलले. विमलबाई नुसतं 'हं' म्हणत होत्या. मग एकदम सावरून बसल्या.

"काय म्हणालात? … रांगेत? … कोणाच्या मागे? … मनिऑर्डरवाल्यांच्या मागे? … आणि बोलला नाही काहीच? … पाळी आल्यावर… खिडकीपाशी… 'वाशीम सत्तावीस द्या'… हो मास्तर… हो, मीच शिकवलं ते त्याला."

रांगेत उभं राहायचं. पुढच्याला धक्का द्यायचा नाही. आपली पाळी आली, की मग बोलायचं. शाळेच्या अंगणात चुन्याची रेघ मारून त्यांनी ते शंभरदा करून घेतलं होतं. घरात माय निपचित पडलेली आणि हा पोस्टाच्या ओट्यावर लोकांच्या मनिऑर्डरी होईपर्यंत गुमान उभा! मास्तर कौतुकानं सांगत होते. विमलबाईंनाही कौतुक वाटलं होतं, अगदी पहिल्या क्षणी, आणि त्याची आता त्यांना शरम वाटत होती.

"… नाही हो, कोणी नाही त्याचं. होती ती हीच… हो, मी येते ना. दुपारच्या गाडीनं येते. तोवर बाया-माणसं जमतील ती जमू द्या, पण मी येईपर्यंत तिला न्यायची घाई नका करू… आणि त्याला बाहेर काढू नका. त्याला बसू द्या तिच्यापाशी… काय? … नाही मास्तर, तसं नका सांगू त्याला… तुम्ही भल्यासाठी म्हणता, पण… ऐका ना माझं. 'झोपली' म्हणाल तर तो ती उठायची वाट पाहत बसेल. 'गावाला गेली' म्हणाल तर स्टेशनावर जाऊन बसेल. दर गाडी पाहील. तुम्ही त्याला घरी नेऊ शकणार नाही… त्याला जे सांगू, ते तो धरून ठेवतो… नाही, तुम्ही नका. मीच सांगते… हॅलो? … कोण? … एक्स्चेंजवाल्या ताई का? … ताई, नका तोडू! वाढवा, तीन मिनिटं वाढवा… हो, आणखी तीन वाढवा… मयताचं आहे हो ताई… उपकार झाले."

स्टोव्ह कसा पेटवायचा, शर्टाच्या गुंड्या ओळीनं कशा लावायच्या, भाकरीच्या पिठाला पाणी किती, मोटारीत कंडक्टरला आपलं गाव कसं सांगायचं, सगळं त्यांनी त्याला शिकवलं होतं. हे कसं सांगतात ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नागपूरच्या ट्रेनिंगमध्येही नाही.

"… उकंडा? आहेस का? … हाव, मीच… उकंडा, तुले तुया बाप आठवते? … हाव, गोविंदा. मिशीवाला… तो कुठी आहे आता? … हाव, मेला. बराबर. मेला तवा तो बोलला का? … नाही बोलला. उठला का मंग? … हाव. नाही उठला… उकंडा, तशीच… आयक बापा. माय झोपली नाही. माय मेली. रात्री झोपेत मेली… … उकंडा? … मान हालवून राह्यला का? … हालव. हालव, काही हरकत नाही…"

तिकडून नुसता श्वास येत होता. उकंडा नाकानं जोरात श्वास घ्यायचा, पहिल्यापासून. विमलबाईंनी रिसीव्हर कानाशी इतका दाबून धरला, की कान दुखायला लागला.

"… काय? … नाही रे! … नाही, चहा चुकला म्हनून नाही… साखर कमी पडली म्हनूनही नाही… गोधडी जड झाली म्हनून? नाही, नाही, उकंडा! तू काही चुकला नाही… हाव, दोन्ही वेळचा बराबर केला… तिच्या आंगात दम राह्यला नव्हता रे, म्हनून मेली… औषधानं? … नाही, आता औषधानं नाही उठत… मी? … मीही नाही उठवू शकत, बापा. डाक्तरसाहेबही नाही… कोनीच नाही…"

त्यांनी रिसीव्हर दूर धरला, पदरानं तोंड पुसलं आणि परत कानाला लावला.

"… हाव, आहे मी… नाकात पानी आलं होतं… हाव, मी रडून राह्यली… मोठ्यायलेही येते रडू… तुले आलं तं तूही रड. कोनी नाही बोलनार… आता आयक. पुंजाजी आहेत ना तिथं? त्यायच्यासंग घरी जाय. कडी तूच काढजो. बाया येतीन, मोठ्यानं रडतीन, त्यायले भेऊ नको. तू मायजवय बस. तिचा हात धरून बस… हाव, थंडा लागन. तरी धर… मी येते. गाडीतून उतरली का सीधी घरीच येते… हाव, नक्की… नाही, आजच… मंग? मंग आपन पाहू ना. मी आहे, शाया आहे… भाकर? भाकर मी आनते संग… हाव… हाव… आता काय? … विसरला? … काय सांगाचं विसरला? …

"कोनाले? … कोनाले सांगून येतो? … मायले?"

कंपाउंडरनं बाटली टेबलावर ठेवली.

"… उकंडा, मायले काय सांगशीन? … मेली म्हनून? … उकंडा, आयक ना… तिले नाही सांगता येत रे हे… मले थांबा म्हनतोस? … थांबते, मी थांबते, पन तू जाऊ नको… उकंडा! पुंजाजीसंग जाय! … उकंडा!"

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज आला. मग चपला फटफटत लांब गेल्या. त्यामागून कोणाच्या तरी हाका, आणि मग नुसते पोस्टाच्या शिक्क्याचे ठोके, एकामागून एक.

"हॅलो? मास्तर! … मास्तर, आहे का कोणी? … हॅलो? … अहो, कोणीतरी जा त्याच्यामागं… मास्तर? … धावत गेला? … पुंजाजी गेले मागे? … हो… हो, जाऊ द्या, अडवू नका. सांगू द्या त्याला… नाही, तो फोन वर नका ठेवू. राहू द्या तसाच… माहीत आहे हो मला, माहीत आहे, तरी राहू द्या… कोण? … ताई, झाली का तीन मिनिटं? … आणखी वाढवा… लाइन कोणाला पाहिजे? … मालेगावला? … त्यांना जरा थांबायला सांगा ना… ताई, पोरगा येणार आहे परत… हो, येणार आहे. मला थांबा म्हणून गेलाय तो… ताई, नका तोडू… तो येईल आणि बोलेल, आणि इकडं कोणी…

"हॅलो?

"… हॅलो?"