कंसातला ‘न’

फुकट सॉफ्टवेअरचं कौतुक मला नका सांगू. नव्वदच्या दशकात पुण्याहून आलेल्या देशपांड्याने तसल्याच सॉफ्टवेअरवर बेंगळुरातल्या आमच्या जयनगरच्या मंडळाने जमवलेले जुने शिलालेख इंटरनेटवर चढवले. लेख वाचून दिले होते रामोजी अण्णांनी. झिजलेलं अक्षर अंदाजाने भरलं की अण्णा ते टोकदार कंसात लिहायचे. टोकदार कंस दिसला की ब्राउझरला वाटतं हा आपल्यालाच हुकूम, आणि आतलं तो दाखवतच नाही.

येलहंक्याच्या तळ्याच्या लेखात ‘राखील’च्या आधी कंसात एकच ‘न’ होता. तो गेला, आणि जगाला दिसलं, “जो हे तळे राखील, त्याचा निर्वंश होईल.”

देशपांडे म्हणे, “सॉफ्टवेअर जगभर चालतं रे! अण्णांनाच कंस बदलायला सांग.”

मी अण्णांना म्हटलं, “साइटवर घोळ झालाय. बघितलीत का?”

बेंगळुरात प्लॉटलाही साइटच म्हणतात. अण्णा म्हणाले, “कालच बघून आलो. तळं बुजवून साइटी पाडल्यात.”

“ती नव्हे, अण्णा!” म्हणत मी ‘न’ची भानगड सांगितली.

“सरी, ठीक आहे, मग राहू दे तसंच,” अण्णा म्हणाले. “लोक शिलालेख इतका मनापासून पाळतायत, हे आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.”